शिकाऱ्याची बंदूक, गुलामाचे रिकामे हात आणि आपला नियम 3

कुठे अत्याचाराची बातमी आली की आपल्या तरुणांच्या चर्चेत एक वाक्य हमखास येते. "आपल्याकडेही बंदुका असत्या तर कोणाची हिंमत झाली असती का?" त्याच्या पाठोपाठ अमेरिकेचा दाखला येतो. तिथे म्हणे प्रत्येकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, तो संविधानातच लिहिला आहे, म्हणून तिथे कोणी कोणाला दाबू शकत नाही. हा राग आम्ही समजू शकतो. रागामागचे कारणही खरे आहे. पण अमेरिकेचा दाखला मात्र तपासून घेतलाच पाहिजे, कारण ज्या देशात हा हक्क लिहिला गेला त्याच देशात आपल्यासारख्याच दाबलेल्या एका समाजाने या हक्काचा अनुभव घेतला आहे. तो अनुभव काय सांगतो ते पाहू.

सुरुवात शिकाऱ्यापासून करू. अमेरिकेत बंदुकीच्या हक्काची बाजू मांडायला सर्वात आधी पुढे केला जातो तो शिकारी. त्याचे म्हणणे साधे आणि ऐकायला पटणारे असते. ही माझ्या आजोबांची रायफल आहे, बापाने मला हिच्यावर नेम धरायला शिकवले, थंडीच्या तोंडावर मी एखादे हरीण मारतो आणि माझे घर वर्षभर ते मांस खाते. मी कोणाचा खून केलेला नाही. गुन्हेगार कायदा पाळत नाही, मग कायदा पाळणाऱ्या माझ्याच बंदुकीची नोंद सरकारला कशाला हवी? आज नोंद मागतील, उद्या बंदूक मागतील. त्यात तो आणखी एक मुद्दा घालतो, आणि तो खोटा नाही. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुकांवरच्या आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाला दिला. म्हणजे जंगल वाचवण्यात शिकाऱ्याच्या खिशाचा वाटा आहे.

हा माणूस आम्हाला राक्षस वाटत नाही. तो स्वतःपुरता प्रामाणिक असू शकतो. प्रश्न इतकाच की त्याच्या बोलण्यातला 'मी' कोण आहे? हाच 'मी' काळ्या कातडीचा असता तर त्याच्या आजोबांकडून त्याला रायफल मिळाली असती का?

उत्तर इतिहासात आहे. व्हर्जिनिया ही त्या वेळी इंग्रजांची वसाहत होती. तिथे 1680 मध्ये कायदा झाला की निग्रोने, गुलामाने बंदूक, तलवार तर सोडाच, साधी काठीसुद्धा जवळ बाळगायची नाही. शंभर-सव्वाशे वर्षांनी, 1791 मध्ये, अमेरिकेच्या संविधानात दुसरी दुरुस्ती आली. शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क मोडला जाणार नाही असे ती सांगते. त्या मजकुरात शिकारीचा शब्दही नाही, नागरी सैन्यदलाचा मात्र आहे. आणि त्या 'लोकांत' गुलाम मोजलेला नव्हता. हे आम्ही आमच्या मनाने सांगत नाही. 1857 च्या ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्या माणसाला नागरिक मानता येणार नाही असा निकाल दिला आणि त्याची जी कारणे दिली त्यात एक कारण हे होते की, नागरिक मानले तर त्याला कुठेही शस्त्र घेऊन फिरण्याचा हक्क मिळेल! म्हणजे हा हक्क इतका मोठा होता की तो द्यावा लागू नये म्हणून माणसाचे नागरिकत्वच नाकारले गेले. आपल्याकडे वेद ऐकू नये म्हणून कानात शिसे ओतायची भाषा करणारे आणि हे न्यायमूर्ती यांच्या बुद्धीत आम्हाला तरी फार फरक दिसत नाही.

मग यादवी युद्ध झाले. सुमारे 1 लाख 80 हजार काळे सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले, गुलामगिरी गेली. सैन्यातून परतलेल्या कित्येकांच्या खांद्यावर बंदूक होती. दक्षिणेतल्या गोऱ्या जमीनमालकांची झोप उडाली. 1865 मध्ये मिसिसिपी राज्याने 'ब्लॅक कोड' आणला. त्यानुसार मुक्त झालेल्या काळ्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक, दारूगोळा, मोठा सुरा काहीच ठेवता येणार नव्हते. परवाना देणारे कोण? गावचे गोरेच. अमेरिकेतला 'गन कंट्रोल' ज्याला म्हणतात त्याचा हा एक जन्मदाखला आहे.

इथे शिकारीचा प्रश्न पुन्हा येतो, आणि तो आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो. मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबाकडे जमीन नव्हती. पण रान होते, नदी होती. एखादी जुनी बंदूक, एखादा कुत्रा असला की ससा, खार, पाखरे मारून पोट भरता येत होते. पोट भरले की मालकाच्या कापसाच्या शेतात मालक म्हणेल त्या मजुरीवर राबायची सक्ती राहत नव्हती. मालकांना हे बरोबर कळले. म्हणून दक्षिणेत हळूहळू दुसऱ्याच्या रानात शिरण्याला बंदी, शिकारीवर बंधने, कुत्र्यांवर कर असे कायदे येत गेले. वरून ते निसर्गाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणाचे कायदे होते, आतून ते मजूर बांधून ठेवण्याचे दावे होते. गोरा मालक रानात गेला तर तो खेळ, काळा मजूर गेला तर तो चोर.

हे वाचताना आपल्याला कोणाची आठवण येते? राजेसाहेबांनी वाघ मारला तर भिंतीवर मुंडके आणि शेजारी फोटो. फासेपारध्याने तितर पकडला तर तो गुन्हेगार जमातीचा. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, तो रद्द व्हायला 1952 उजाडले, आणि ठाण्यातल्या फौजदाराच्या डोक्यातून तो अजूनही रद्द झालेला नाही. (योगायोग असा की अमेरिकेची प्रसिद्ध नॅशनल रायफल असोसिएशन, म्हणजे एनआरए, हीसुद्धा 1871 मध्येच स्थापन झाली. सैनिकांचा नेम सुधारावा हा तिचा पहिला हेतू होता.)

अमेरिकेत पुढे काय झाले? लुइझियाना राज्यात कोलफॅक्स गावी 13 एप्रिल 1873 ला, ईस्टरच्या दिवशी, कोर्टाची इमारत राखायला जमलेल्या काळ्या लोकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने हल्ला केला. काळ्यांकडेही काही बंदुका होत्या. त्या पुरल्या नाहीत. डझनावारी माणसे मारली गेली, त्यातली कितीतरी शरण आल्यानंतर. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1876 मध्ये क्रुकशँक निकालात न्यायालय म्हणाले की दुसरी दुरुस्ती फक्त केंद्र सरकारला बांधते. खाजगी टोळीने तुमची शस्त्रे काढून घेतली तर ती तक्रार इथे आणू नका, राज्याकडे जा. राज्य कोणाचे? त्याच टोळीच्या भाऊबंदांचे. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनातल्या हॅम्बर्ग गावात काळ्यांच्या नागरी सैन्यतुकडीकडे गोऱ्यांनी शस्त्रे खाली ठेवण्याची मागणी केली आणि नकार मिळाल्यावर कत्तल केली. हक्क कागदावर होता. कागद ज्यांच्या ताब्यात होता त्यांच्याच हातात बंदुका होत्या.

म्हणून बंदुकीचा काळ्यांना कधीच उपयोग झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल, आणि आम्ही ते म्हणणार नाही. 1892 मध्ये मेम्फिस शहरात किराणा दुकान चालवणाऱ्या तीन काळ्या माणसांना जमावाने मारले. ते पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्या ओळखीचे होते. या बाईने पिस्तूल विकत घेतले आणि लिहून ठेवले की कायदा संरक्षण देत नाही तिथे प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टर रायफलला मानाची जागा असावी. नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो गावात रॉबर्ट विल्यम्स यांनी तर एनआरएचीच मान्यता घेऊन काळ्यांचा रायफल क्लब काढला, आणि 1957 मध्ये तिथल्या एका काळ्या डॉक्टरच्या घरावर चालून आलेल्या क्लू क्लक्स क्लॅनला गोळीबाराने परतवून लावले. 1964 मध्ये लुइझियानात 'डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस' ही संघटना उभी राहिली. युद्धात लढून आलेले, कारखान्यात काम करणारे हे साधे लोक नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांभोवती रात्रपाळीचा पहारा देत. अहिंसेच्या मोर्चामागे पुष्कळ ठिकाणी असा पहारा उभा होता. पाठ्यपुस्तकात तो येत नाही. अत्याचारितांनी हात बांधून मरावे हे तत्त्वज्ञान फक्त अत्याचाऱ्यांच्या सोयीचे असते.

पण त्याच काळातली दुसरी गोष्ट ऐका. जानेवारी 1956 मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. घरात बायको आणि तान्ही मुलगी होती. किंग यांनी शस्त्र परवान्यासाठी रीतसर अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याला शस्त्राची गरज आहे हे पटवायला आणखी कोणता पुरावा लागतो? गरज पाहणारा अधिकारी गरज पाहत नव्हता, रंग पाहत होता.

आणि मग येतात ब्लॅक पँथर्स. ऑक्टोबर 1966 मध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ओकलंडमध्ये हा पक्ष काढला. पोलीस काळ्या वस्तीत कोणाला अडवत असतील तर हे तरुण कायदेशीर अंतरावर उभे राहत, एका हातात भरलेली बंदूक आणि तोंडात कायद्याची कलमे. कॅलिफोर्नियात तेव्हा उघडपणे बंदूक बाळगणे गुन्हा नव्हता. गोरा शिकारी खांद्याला रायफल लावून फिरे तेव्हा कोणाला त्यात धोका दिसला नव्हता. पँथर्स फिरू लागले आणि राज्य हादरले. डॉन मलफर्ड नावाच्या आमदाराने विधेयक आणले, त्याच्या निषेधासाठी 2 मे 1967 ला पँथर्स बंदुकांसह सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात गेले, आणि जुलैमध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही करून सार्वजनिक जागी भरलेली बंदूक बाळगण्यावर बंदी घातली. एनआरएने या कायद्याला पाठिंबा दिला होता! पुढे 1977 मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात याच एनआरएत सत्तापालट झाला. जुने नेतृत्व संघटना शिकार, नेमबाजी, निसर्ग याकडे नेऊ पाहत होते. ते बाजूला सारले गेले आणि कोणत्याही बंदूक नियंत्रणाला विरोध हेच संघटनेचे काम झाले. 1980 मध्ये तिने राष्ट्राध्यक्षपदासाठी पाठिंबा दिला तो त्याच रेगन यांना. म्हणजे तत्त्व नियंत्रणाचेही नव्हते आणि हक्काचेही नव्हते. बंदूक कोणाच्या खांद्यावर आहे ते पाहून तत्त्व ठरत होते.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. 2008 मध्ये हेलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क मानला. त्यानंतर आठ वर्षांनी, जुलै 2016 मध्ये, मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या काळ्या तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. त्याच्याकडे परवाना होता. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने स्वतःहून पोलिसाला सांगितले. काही क्षणात पोलिसाने त्याला गाडीतच गोळ्या घातल्या. मैत्रीण शेजारी होती, तिची लहान मुलगी मागच्या सीटवर. 2017 मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. शिकारी म्हणतो, कायदा पाळणाऱ्याने कशाला भ्यावे? कॅस्टीलने कायदा पाळला होता.

आणि सर्वांच्या हातात बंदुका आल्यावर मरते कोण? 2021 या एका वर्षात अमेरिकेत बंदुकीने 48 हजारांहून जास्त माणसे मेली. त्यातली निम्म्याहून जास्त आत्महत्येने. काळ्या तरुण पुरुषांच्या मृत्यूचे पहिले कारण तिथे आजार नाही, अपघातही नाही, खून आहे. बंदूक वस्तीत आली की ती फक्त वस्तीबाहेरच्या शत्रूकडेच रोखलेली राहते असे नाही. बेकारी आणि व्यसनाने पोखरलेल्या आपल्या वस्त्यांत आम्ही काम करतो. तिथे दर घरात एक कट्टा आला तर पहिली गोळी कोणाला लागेल याचा विचार घोषणा देणाऱ्याने करावा.

आता आपल्याकडे येऊ. कारण आपले आणि या इतिहासाचे नाते उसने नाही. न्यूटन-सील यांच्या पक्षाचे नाव घेऊनच 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपल्या पँथरनी नाव घेतले, बंदूक घेतली नाही. ते कवी होते, लेखक होते, आणि तरीही सरकार हादरले.

शस्त्रबंदी म्हणजे काय हे आपल्या समाजाइतके कोणाला माहीत असणार? कोरेगावला लढलेल्या महारांची सैन्यभरती इंग्रजांनी 1890 च्या दशकात लढवय्या जातींच्या नावाखाली बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळेंपर्यंत सर्वांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज लिहिले. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडावे लागले. सुभेदार रामजींच्या मुलाने 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये हे दुखणे नेमके पकडले आहे. या देशात इतका अन्याय होऊनही खालच्यांनी क्रांती का केली नाही? बाबासाहेबांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने त्यांना शस्त्र, विद्या आणि संपत्ती तिन्हींपासून तोडले होते. युरोपातल्या दुबळ्याला सैन्यात जाता येत होते, राजकारणाचे आणि शिक्षणाचे हत्यार त्याच्यापाशी होते. आपल्याकडे सगळीच हत्यारे काढून घेतली गेली.

मग ज्यांनी हे लिहिले त्यांनीच संविधानात शस्त्राचा हक्क का नाही घातला? हा प्रश्न आपले विरोधकही विचारतात, म्हणून उत्तर पाठ असू द्या. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात तो होता असा त्यांचा आधार होता. बाबासाहेब म्हणाले की तो ठराव झाला तेव्हाची परिस्थिती संपली. परक्या सत्तेने गुलाम प्रजा उठू नये म्हणून शस्त्रे काढून घेतली होती, त्याला तो विरोध होता. आता प्रत्येकाने बाजारात जाऊन हवे ते हत्यार आणायचे ठरवले तर राज्य चालणार कसे? व्यक्तीच्या शस्त्रहक्कापेक्षा, गरज पडली तर राष्ट्रासाठी शस्त्र उचलण्याचे कर्तव्य त्यांनी महत्त्वाचे मानले. दुरुस्ती नामंजूर झाली. अनुच्छेद 19 मध्ये जमण्याचा हक्क आहे तो शांततेने आणि विनाशस्त्र.

आमचा त्यावरचा विचार असा. बाजारातून हत्यार आणायला पैसा लागतो, आणि गावात पैसा, जमीन, वाडा कोणाकडे आहे हे बाबासाहेबांना चांगले ठाऊक होते. सर्वांना सारखा शस्त्रहक्क दिला असता तर तो पाटलाच्या वाड्यावर आधी पोचला असता. बिहारात काय झाले? 1 डिसेंबर 1997 च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे गावात जमीनदारांच्या रणवीर सेनेने 58 दलितांना गोळ्या घालून मारले. 2010 मध्ये खालच्या कोर्टाने 26 जणांना दोषी ठरवले, 2013 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने त्या सर्वांना सोडले. तिथे बंदुकांचा तुटवडा नव्हता. त्या एकाच बाजूला होत्या, आणि कोर्टाच्या पायरीपर्यंत एकाच बाजूला राहिल्या.

तर मग करायचे काय? बंदुकीच्या नावाने नुसती घोषणा देणाऱ्या आपल्या मित्रांनी अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, 1995 यातला नियम 3 वाचला आहे का, असे आम्ही विचारतो. बहुतेकांनी वाचलेला नसतो. हा नियम राज्य सरकारला सांगतो की अत्याचारप्रवण भाग ठरवा, आवश्यक वाटल्यास तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, मित्रांचे शस्त्र परवाने रद्द करा आणि ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करा. बेकायदा शस्त्रे जप्त करा. आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यांच्या जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्र परवाने द्या. हे अमेरिकेला आजवर सुचलेले नाही. बंदूक नियंत्रण आणि शस्त्रहक्क या दोन्ही गोष्टी एकाच नियमात आहेत, आणि कोणाचे काढायचे, कोणाला द्यायचे हे सत्तेची उतरंड पाहून ठरवले आहे.

परवाना मागायला गेलेल्या भूमिहीनाला 'तुझ्याकडे राखायला आहे काय?' असे हिणवले गेले तर 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 14 दाखवा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही असे ते म्हणते. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायद्यात आहेच, पण ज्याच्या नावावर सातबारा नाही तो कोणते पीक सांगणार? म्हणून गावात बंदूक कोणाकडे हे पाहायला गेलात की जमीन कोणाकडे हेच पुन्हा दिसते.

परवाने देणारा जिल्हादंडाधिकारी आणि अत्याचार कायद्याखालच्या जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीचा अध्यक्ष ही एकच व्यक्ती असते. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावी असे नियम सांगतो. तुमच्या जिल्ह्यातली पुढची बैठक कधी आहे ते शोधा. तिच्या आधी माहिती अधिकारात तीन प्रश्नांचा अर्ज टाका. जिल्ह्यातली अत्याचारप्रवण गावे कोणती ठरवली आहेत? त्या गावांत आज किती शस्त्र परवाने आहेत आणि नियम 3 खाली आजवर त्यातले किती रद्द केले? याच नियमाखाली अनुसूचित जाती-जमातीच्या किती जणांना परवाने दिले? अर्जाची पोच जपून ठेवा, तीस दिवस मोजा, आणि उत्तर आले की समितीवरच्या आपल्या सदस्याच्या हातात ते छापील ठेवा. सदस्य गप्प बसला तर त्याचेही नाव लिहून घ्या.